खेळाडू मुलांच्या चेहऱ्याच्या दुखापती : दिसणारी जखम आणि न दिसणारी इजा

पावसाचा जोर ओसरू लागला की वैजापूर तालुक्यातील शाळांची मैदाने गजबजू लागतात. तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्यांनी होणाऱ्या शालेय क्रीडा स्पर्धांसाठी १४, १७ व १९ वर्षांखालील संघ बांधले जातात. कबड्डीचे व खो-खोचे मैदान नव्याने आखले जाते. तालमीत जाणारी मुले पहाटे मेहनत करतात, आणि क्रिकेट तर बाराही महिने, मिळेल त्या मोकळ्या जागेत चालू असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाड्यावस्त्यांवर विटीदांडू निघतो. हे सारे चांगलेच आहे. मुलांना खेळापासून दूर ठेवावे असा सल्ला कोणताही जाणता डॉक्टर देणार नाही. मात्र धावताना, झेप घेताना किंवा पडताना चेहरा पुढे असतो आणि त्यावर कोणतेही आच्छादन नसते. त्यामुळे खेळताना चेहऱ्याला मार लागणे ही नित्याची गोष्ट आहे.

अशा वेळी रक्त थांबले, टाके पडले, सूज उतरली की पालक निश्चिंत होतात. प्रस्तुत लेखाचा भर नेमका येथे आहे. चेहऱ्यावर जी जखम दिसते तीच मुख्य इजा असेल असे नाही. पुष्कळदा मुख्य इजा तिच्यापासून चार बोटे दूर, कातडीखाली असते, आणि तिची मुदत तासांत किंवा दिवसांत मोजावी लागते. ही मुदत ओळखणारा पहिला माणूस डॉक्टर नसतो. तो मैदानावरचा क्रीडाशिक्षक किंवा घरातील मोठे माणूस असतो.

वाढत्या चेहऱ्याची घडण

नवजात बालकाच्या डोक्याची कवटी चेहऱ्याच्या सुमारे आठपट मोठी असते. प्रौढपणी हे प्रमाण दोन ते अडीचपटीवर येते. म्हणजेच चेहरा हा कवटीच्या मागून, पौगंडावस्थेपर्यंत वाढत राहतो. लहान मुलाची हाडे लवचिक असतात. ओली काठी जशी वाकते, एका बाजूने चिरते, पण दुभंगत नाही, तशी ती वागतात. गालांत चरबीची गादीही जाड असते. त्यामुळे मुलांत चेहऱ्याचे अस्थिभंग मोठ्यांच्या मानाने कमी होतात. पण याच घडणीची दुसरी बाजू अशी की, जबड्याच्या हाडात कायमच्या दातांचे अंकुर रांगेने बसलेले असतात आणि हाडांच्या टोकांशी वाढीची केंद्रे असतात. तेथे बसलेला मार आजच्या आज दिसत नाही. तो मूल मोठे होऊ लागले की दिसू लागतो.

हनुवटी फुटणे

खेळताना तोल जाऊन मूल हनुवटीवर आपटते. कबड्डीत पकड सोडवून मध्यरेषेकडे झेपावताना, खो-खोत खांबाजवळ वळताना, किंवा साधे पळताना पाय अडखळून हे घडते. हनुवटीखाली दीड-दोन सेंटिमीटरची आडवी चीर पडते आणि रक्त बरेच येते. गावातील दवाखान्यात दोन-तीन टाके पडतात, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते, आठवड्याने टाके काढले जातात. जखम उत्तम भरते.

खालचा जबडा हा घोड्याच्या नालेसारखा वाकलेला एकसंध भाग आहे. त्याची दोन टोके दोन्ही कानांच्या अगदी पुढे, सांध्याच्या खोबणीत बसलेली असतात. हनुवटीवर खालून बसलेला दणका या दोन टोकांपर्यंत पोहोचतो, आणि तेथील मान बारीक असल्याने हाड तेथे मोडते. लहान मुलांत, विशेषतः पाच-सहा वर्षांच्या आत, हे टोक रक्ताने भरलेले व मऊ असते. ते केवळ मोडत नाही, चिरडले जाते. सांध्याच्या पोकळीत रक्त साचते. दुखते म्हणून मूल तोंड कमी उघडते. घरची माणसे त्याला पेज, दूध, मऊ वरणभात देतात आणि त्याने तोंड उघडावे असा आग्रह धरीत नाहीत. साचलेल्या रक्ताची हळूहळू गाठ होते, गाठीचे हाड होते, आणि काही महिन्यांत सांधा जखडून जातो.

सांधा जखडलेल्या मुलाची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना हनुवटीची चीर कधीच किरकोळ वाटत नाही. तोंड बोटभरही उघडत नाही. भाकरीचा तुकडा दातांच्या फटीतून आत सारावा लागतो. ब्रश आत जात नसल्याने दात किडतात व ते काढताही येत नाहीत. खालच्या जबड्याची वाढ खुंटल्याने हनुवटी मागे राहते आणि चेहरा पक्ष्यासारखा दिसू लागतो. जीभ मागे सरकल्याने झोपेत घोरणे, श्वास अडणे सुरू होते. झोप न मिळालेले मूल वर्गात पेंगते आणि आळशी ठरते. पुढे शस्त्रक्रिया करून सांधा मोकळा करता येतो. पण तोंडच उघडत नसल्याने भूल देणे हेच मोठे जिकिरीचे काम होते, आणि शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने तोंड उघडण्याचे व्यायाम न केल्यास सांधा पुन्हा जखडतो. हा विकार जन्मजात असतो, किंवा नजर लागल्याने होतो, अशी समजूत अनेक कुटुंबांत असते. कारण विचारत मागे गेले तर बहुधा कानाच्या जुन्या पू-विकाराचा अथवा लहानपणच्या पडण्याचा धागा सापडतो.

म्हणून हनुवटी फुटलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत, टाके घालण्यापूर्वी व घातल्यानंतरही, जबडा तपासलाच पाहिजे. त्यासाठी यंत्र लागत नाही. मुलाला तोंड पूर्ण उघडायला सांगावे आणि त्याचीच तर्जनी, मधले बोट व अनामिका अशी तीन बोटे उभी जोडून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का ते पाहावे. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते का, दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतात का की पुढच्या दातांमध्ये फट राहते, कानापुढे दाबल्यास दुखते का, कानातून रक्त आले का, हेही पाहावे. कानातले रक्त पाहून लोक डोक्याच्या मारानेच घाबरतात. ती शंका डॉक्टरांनी दूर करायचीच असते. परंतु मोडलेल्या टोकाने कानाच्या नळीची पुढची भिंत फाटूनही असे रक्त येते.

यांपैकी एकही खूण आढळल्यास जबड्याचा ओ.पी.जी. हा एक्स-रे, आणि गरजेनुसार सी.टी. स्कॅन करून घ्यावा. समाधानाची गोष्ट अशी की बहुसंख्य मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही. वेदनाशामक औषध, मऊ आहार आणि लवकर सुरू केलेले तोंड उघडण्याचे व्यायाम एवढ्यावर मुलाचे हाड स्वतःला नव्याने घडविते. ही देणगी प्रौढांना नाही. दात नीट बसत नसतील तर जबडा थोडे दिवस रबराने किंवा तारेने स्थिर करतात. पण लहान मुलाचा जबडा दीर्घकाळ बांधून ठेवणे म्हणजे सांधा जखडण्यास निमंत्रणच होय. ‘हाड मोडले आहे, हलवू नका’ हा हातापायाचा नियम येथे उलटा लागू पडतो.

मे २००२ मध्ये अँटिग्वा येथील कसोटीत मर्व्हिन डिलन यांच्या चेंडूने अनिल कुंबळे यांचा जबडा मोडला. डोक्याभोवती पट्टी बांधून ते पुन्हा मैदानात उतरले, १४ षटके टाकली आणि ब्रायन लारा यांना बाद केले. हे उदाहरण मुलांना हटकून सांगितले जाते, आणि त्यातील जिद्द निर्विवाद आहे. पण कुंबळे हे पूर्ण वाढ झालेले खेळाडू होते, वैद्यकीय पथक हाताशी होते, आणि त्यानंतर ते शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतले. बारा वर्षांच्या मुलाने जबडा दुखत असताना डाव पुरा करावा, असा अर्थ त्यातून काढणे योग्य नाही.

निखळलेला दात

दाताच्या बाबतीत मुदत मिनिटांची असते. येथे वैजापूरचा भूगोल आड येतो. शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे. ते अंतर वैजापुरातून सुमारे पाऊणशे किलोमीटर, आणि खेड्यावरून आधी वैजापूर गाठायचे तो वेळ निराळा. मुळासह बाहेर पडलेला दात कोरडा राहिला तर त्याच्या मुळावरील जिवंत पेशी पहिल्या अर्ध्या तासात झपाट्याने मरू लागतात व तासाभराने जवळजवळ संपतात. म्हणजे दात कागदात गुंडाळून शहराकडे धावणारा पालक पोहोचेपर्यंत त्या दाताचे खरे आयुष्य वाटेतच संपलेले असते. जे करावयाचे ते मैदानावर.

प्रथम हा दात कायमचा की दुधाचा हे ठरवावे. पुढचे पटाशीचे कायमचे दात साधारणपणे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान येतात. दुधाचा दात परत बसवू नये. बसविताना खालील अंकुराला इजा होते. दात कायमचा असेल तर तो पांढऱ्या भागाने धरावा, मुळाला बोट लावू नये. माती लागली असल्यास दूध, सलाईन किंवा मुलाच्याच लाळेने हलकेच धुवावे. घासू नये, साबण लावू नये, पुसू नये. मग तो त्याच्या जागी, बाजूच्या दाताशी ताळा घेत, अलगद बसवावा आणि मुलाला स्वच्छ रुमाल दातांत हलका धरून ठेवण्यास सांगावे. हे ऐकायला धाडसाचे वाटते, परंतु जागतिक दंतवैद्यक संघटनांचा सल्ला हाच आहे आणि शिक्षकाला तो पाच मिनिटांत शिकविता येतो.

बसविण्याचे धैर्य होत नसेल, किंवा मूल शुद्धीवर नसेल, तर दात थंड दुधात ठेवावा. दूध या तालुक्यात कोणत्या घरी नाही? मात्र ते साखरेचे किंवा गरम नसावे. दही अथवा ताक तर मुळीच चालणार नाही, कारण आंबटपणाने पेशी मरतात. दूध नसेल तर मुलाने भांड्यात थुंकलेली लाळ किंवा सलाईन चालेल. साधे पाणी हा शेवटचा पर्याय, तरीही कोरड्या रुमालापेक्षा बरा. यानंतर जवळच्या दंतवैद्याकडे जावे. तेथे दात शेजारच्या दातांना बारीक तारेने सुमारे दोन आठवडे बांधून ठेवतात. ज्यांच्या मुळाचे टोक पूर्ण तयार झालेले असते अशा दातांवर याच काळात मुळाचे उपचार करावे लागतात.

दात सापडलाच नाही तर तो हरवला असे गृहीत धरू नये. तो ओठात रुतलेला असू शकतो, किंवा श्वासनलिकेत गेलेला. ओठ सुजलेला असून दाताचा तुकडा बेपत्ता असेल तर ओठाचा, आणि मुलाला खोकला लागला असेल तर छातीचा एक्स-रे काढणे इष्ट.

डोळा, फक्की आणि विटी

मैदान आखण्यासाठी जी फक्की वापरतात ती पुष्कळदा चुन्याची असते. कबड्डीत किंवा खो-खोत तोंडघशी पडलेल्या मुलाच्या डोळ्यांत ती जाते. चुना हा क्षार आहे. तो डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात आत आत मुरत जातो, आणि दर मिनिटाला इजा वाढत असते. अशा वेळी डॉक्टरकडे नेण्याची घाई करण्याआधी डोळा धुवावा. नळाच्या मंद धारेखाली किंवा तांब्याने, पापण्या उघड्या धरून, किमान पंधरा-वीस मिनिटे सतत धुवावा, आणि पापणीच्या आत अडकलेले कण निघतील असे पाहावे. त्यानंतर निघावे. खरे तर शाळांनी चुन्याऐवजी खडूची भुकटी वापरली तर हा प्रश्नच राहत नाही. खर्चाचा फरक फारसा नाही, आणि सवय मोडण्याखेरीज अडचणही नाही.

विटीदांडूचा खेळ आपल्या मातीतला आणि मोठ्या कौशल्याचा. पण दोन्ही टोके तासलेली, वेगाने गिरक्या घेत येणारी विटी डोळ्याला लागली तर बुबुळ फाटू शकते. भारतातील बालनेत्ररोगतज्ज्ञांना हे कारण चांगलेच परिचित आहे. डोळा फाटल्याची शंका असेल, म्हणजे दृष्टी एकदम कमी झाली, बाहुली गोल न राहता ओघळल्यासारखी दिसली, किंवा बुबुळामागे रक्ताची पातळी साचलेली दिसली, तर त्यावर पट्टी दाबून बांधू नये, धुऊ नये, थेंब टाकू नयेत. कागदी पेल्याचा बूड कापून तो डोळ्यावर नुसता टेकवावा, चिकटपट्टीने कपाळ व गालाला लावावा, मुलाला डोके उंच ठेवून बसवावे आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. दूध, मध, काजळ यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

आणखी एक फसवा प्रकार आहे. क्रिकेटचा चेंडू किंवा कोपर डोळ्याच्या खोबणीवर बसते. डोळा पांढरा शुभ्र असतो, सूज नाममात्र, पण मूल ओकते, मलूल होते, एकाचे दोन दिसतात असे म्हणते आणि वर पाहू शकत नाही. ओकारीमुळे सर्वांचे लक्ष डोक्याकडे जाते. डोके तपासलेच पाहिजे यात वाद नाही. परंतु मुलांत खोबणीचा तळ चिरून झडपेसारखा उघडतो व मिटतो, आणि डोळा हलविणारा स्नायू त्या फटीत पकडला जातो. त्याच्या ओढीनेच ओकारी येते व नाडी मंदावते. हा स्नायू एक-दोन दिवसांत सोडवला नाही तर तो कायमचा निकामी होण्याची भीती असते. तेव्हा मार लागलेल्या मुलाला मान न हलविता वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगावे. एवढ्याने ही शंका येते किंवा जाते.

२००० साली ढाका येथे आशिया चषकात यष्टिरक्षण करताना सबा करीम यांच्या डोळ्याला चेंडू लागला आणि त्यांची कारकीर्द अकाली आटोपली. यष्टींजवळ उभ्या राहणाऱ्या मुलाला जाळीचे शिरस्त्राण हवे, हे त्यानंतर वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी. तरी चामड्याच्या चेंडूवर सराव करताना ते फक्त फलंदाजाच्याच डोक्यावर दिसते.

नाक व कान

घोळणा फुटल्यास मुलाला पुढे वाकवून बसवावे व नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. मान मागे टाकून कांदा हुंगविण्याने रक्त पोटात जाते आणि पुढे ओकारीतून बाहेर पडते. रक्त थांबल्यानंतरही दोन्ही नाकपुड्या चोंदत चालल्या आणि दुखणे वाढू लागले तर नाकाच्या मधल्या पडद्यावर रक्त साचले असण्याचा संभव असतो. आत पाहिल्यास दोन्ही बाजूंनी लालसर-निळी, मऊ फुगवटी दिसते. ती त्याच दिवशी कापून रिकामी करावी लागते, अन्यथा आतली कूर्चा सडते आणि नाकाचे दांडके पुढे बसते. नाकाचे हाड सरळ करावयाचे असल्यास मुलांमध्ये ते आठवडाभरातच करणे सोयीचे; म्हणून सूज उतरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा दाखवावे.

तालमीत चोळामोळा झालेला कान हा पहिलवानाचा शिक्का मानला जातो, आणि तो मिरवलाही जातो. वडीलधाऱ्या पहिलवानांच्या या अभिमानाबद्दल आदर राखूनही सांगावे लागते की, कुस्तीत कानाच्या पाळीत साचलेले रक्त ताजे असताना काढून दाबपट्टी बांधली तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा कान मूळ आकारात राहतो.

मैदानावर व मैदानानंतर

मुरमाड जमिनीवर घासलेल्या चेहऱ्यातील खडे-माती पहिल्याच दिवशी, गरज पडल्यास भूल देऊन, पूर्ण काढली नाही तर त्वचेत गोंदल्यासारखे निळसर डाग कायमचे राहतात. ओठाची चीर लाल व गोऱ्या त्वचेच्या सीमेवर असेल तर ती रेषा बरोबर जुळवूनच टाके घालावे लागतात. हळद, चुना, तंबाखू, टूथपेस्ट यांपैकी काही लावले असल्यास डॉक्टरांचा पहिला अर्धा तास ते धुण्यात जातो. घाबरलेल्या मुलाला चहा-बिस्किट देण्याची आपल्याकडे रीत आहे. शस्त्रक्रिया लागेल असे वाटत असल्यास ते टाळावे, कारण पोट भरलेले असताना भूल देण्यास सहा तास थांबावे लागते. मूल बेशुद्ध झाले, वारंवार ओकले, झटके आले, नाकातून पाण्यासारखा द्रव आला किंवा मान दुखू लागली तर इतर सर्व विचार बाजूला ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दूर नेण्यापूर्वी वैजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात मुलाचा श्वास व शुद्ध स्थिर करून घेणे शहाणपणाचे. खर्चाची चिंता असणाऱ्या पालकांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या शस्त्रक्रिया बसतात हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारावे.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. कबड्डीचे मैदान खडे वेचून, पाणी मारून तयार करावे. खो-खोचे खांब गुळगुळीत असावेत. नखे कापलेली असावीत व अंगावर दागिना नसावा, हा कबड्डीचा नियम सरावातही पाळावा. वरचे पुढचे दात बाहेर झुकलेल्या मुलांचे दात सर्वांत आधी तुटतात. त्यांनी तरी दातांवर बसणारे मुखरक्षक वापरावे. गरम पाण्यात मऊ करून दातांवर चावून बसविता येणारे प्रकार क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळतात. दात बदलण्याच्या वयात ते वेळोवेळी बदलावे लागते.

परत केव्हा खेळावे, हा मुलाचा पहिला प्रश्न असतो. बसविलेला दात तारेने बांधलेला असेपर्यंत कबड्डी व कुस्ती बंद. जबड्याच्या अस्थिभंगानंतर अंगाला अंग भिडणारे खेळ साधारण दीड-दोन महिने वर्ज्य. पळणे, पोहणे त्याआधी सुरू करता येते. डोळ्यात रक्त साचले होते अशा मुलाच्या डोळ्यातील दाब दृष्टी पूर्ण परतल्यानंतरही दरवर्षी मोजून घ्यावा, कारण काचबिंदू अनेक वर्षांनी उद्‌भवू शकतो. जबड्याच्या सांध्याला मार लागलेल्या मुलाची तीन बोटांची चाचणी पहिले सहा महिने घरीच दर आठवड्याला करावी. तीनाची दोन बोटे झाल्याचे दिसताच, दुखत नसले तरी, त्याला जबड्याच्या शल्यविशारदाकडे आणावे. त्यानंतर हनुवटी मधोमध वाढते आहे ना, हे सतरा-अठराव्या वर्षापर्यंत वर्षातून एकदा तपासून घ्यावे.